कौटुंबिक न्यायालयाच्या दारात (१४) : डकवलेलं समन्स

पोटगीच्या थकबाकीबद्दल या आठवड्यात लिहीन म्हणालो होतो, ते पुढच्या वेळी. मध्येच विट्याहून एका ताईंचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेवून दुसरं काही लिहिणं जमेना.

सासर गलाईवाल्यांचं. नवरा कोलकात्यात, बहूबाजारात सोनं गाळतो. दोन वर्षांपूर्वी ताई माहेरी आल्या. पंधरा दिवसांपूर्वी चुलतदिराचा फोन आला : तिकडच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा एकतर्फी हुकूमनामा झालाय. समन्सवर पत्ता होता त्यांनी सोडलेल्या बहूबाजारातल्या खोलीचा. "भाऊ, आता काही राहिलंय का?" असं त्या विचारतात.

राहिलंय, ताई. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ खाली त्याच न्यायालयात हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज करता येतो. मुदत ३० दिवस. समन्स रीतसर बजावलेलंच नसेल, तर ते दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. तेव्हा दिराचा फोन कुठल्या तारखेला आला ते लिहून ठेवा, मोबाइलमधली नोंद पुसू नका. तुमचे निम्मे दिवस संपलेत.

आधी नकला काढा. हुकूमनाम्याची, ऑर्डर शीटची (आपण ज्याला रोजनामा म्हणतो तो) आणि बेलिफाच्या अहवालाची. माझा जीव नेहमी या तिसऱ्या कागदात अडकतो. माणूस घरी नाही, नीट शोध घेऊनही भेटत नाही, लवकर भेटेल असंही दिसत नाही किंवा समन्स घ्यायला नकार देतो, तेव्हाच बेलिफाला दाराला प्रत डकवता येते. दारही तो माणूस एरवी राहतो त्या घराचं हवं. घर कोणी दाखवलं, कोणासमोर डकवलं, त्यांची नावं-पत्ते अहवालात लागतात. हे सगळं आदेश ५, नियम १७ मध्ये आहे. मी असे अहवाल पाहिलेत, ज्यांवर 'घर बंद, डकवले' एवढंच होतं. पुढे वर्तमानपत्रात जाहिरात दिली असेल तर तेही तपासा : तुम्ही शेवटी खरोखर राहत होता त्या भागात तो पेपर जातो का?

पण अर्जात एक गोष्ट लपवू नका. तारखेची माहिती आणि हजर राहायला पुरेसा वेळ मिळाला होता असं न्यायालयाला पटलं, तर केवळ बजावणीतल्या त्रुटीवरून हुकूमनामा रद्द होत नाही. दिल्लीच्या एका प्रकरणात पत्नीने नोटिसा नाकारल्या होत्या, 'स्टेट्समन'मध्ये जाहिरातही आली होती. उच्च न्यायालयाने हुकूमनामा रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली तो पुन्हा कायम केला. नवऱ्याने तारीख फोनवर सांगितली असेल, तर तेही लिहा.

अर्जासोबत स्थगितीही मागा. अपिलाची मुदत अपील न होता सरली की हिंदू विवाह कायद्याच्या कलम १५ प्रमाणे नवऱ्याला दुसरं लग्न करता येतं, आणि मग गुंता फार वाढतो. अपील कलकत्ता उच्च न्यायालयात करता येईल, पण ते आधी निकाली निघालं तर हा अर्ज चालत नाही. मी तुमच्या जागी असतो तर अर्जच आधी चालवला असता.

आणि नक्कल हातात आली की समन्सची मागची बाजूही मिळाली का पाहा. बेलिफाचा शेरा बहुधा तिथेच असतो.