फुकटातले ऑनलाइन खेळ – लेखांक ४ : वर्ल्ड ऑफ टँक्स

‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ हा रणगाड्यांच्या लढाईचा खेळ ऑगस्ट २०१० मध्ये रशियात आणि एप्रिल २०११ मध्ये युरोप-अमेरिकेत सुरू झाला. तो ज्या वॉरगेमिंग कंपनीने काढला तिची स्थापना १९९८ साली बेलारूसच्या मिन्स्क शहरात झाली होती. खेळ डाउनलोड करायला आणि खेळायला पैसे पडत नाहीत. नेहमीच्या लढाईत दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू असतात, प्रत्येकाच्या हाती एकच रणगाडा असतो आणि निकाल पंधरा मिनिटांच्या आत लागतो. रणगाडा एकदा जळाला की त्या लढाईपुरता तो खेळाडू बाद. त्यामुळे इतर नेमबाजीच्या खेळांतली धावपळ इथे चालत नाही. कोपऱ्यावरून किती पुढे डोकवायचे, गोळा झाडून केव्हा मागे सरकायचे, याचा विचार करणाराच टिकतो.

या खेळाचे खरे सामर्थ्य चिलखताच्या गणितात आहे. गोळा पत्र्यावर सरळ आदळला तर त्याला पत्र्याच्या जाडीइतकेच पोलाद भेदावे लागते. पत्रा कलता असेल तर वाट लांबते. सोव्हिएत टी-३४ चा पुढचा पत्रा अवघा ४५ मिमी, पण तो उभ्या रेषेपासून ६० अंश कललेला आहे, म्हणून समोरून येणाऱ्या गोळ्यासाठी त्याची जाडी ९० मिमी होते. जर्मन टायगरचा पुढचा पत्रा १०० मिमी, पण जवळजवळ उभा. तो शत्रूसमोर सरळ उभा केला तर ते शंभरच राहतात. तोच रणगाडा साधारण ४० अंश वळवला तर पुढचा पत्रा १३० मिमीचे काम करतो आणि बाजूचा ८० मिमीचा पत्रा १२४ च्या आसपास जातो. त्याहून जास्त वळवला तर बाजू उघडी पडते. टायगरच्या सैनिकांसाठी १९४३ मध्ये निघालेल्या ‘टायगरफीबेल’ या पुस्तिकेतही रणगाडा असाच तिरका उभा करायला सांगितले होते. खेळात हे कोणी धडा म्हणून शिकवत नाही. चार-पाच वेळा बाजूला गोळा बसला की हात आपोआप शिकतो. एवढी भूमिती करमणुकीत मुरवणारे खेळ फार थोडे आहेत.

दुसरी जमेची बाजू म्हणजे दिसण्या-लपण्याची व्यवस्था. शत्रूचा रणगाडा जास्तीत जास्त ४४५ मीटरवरून ‘स्पॉट’ होतो, पण प्रत्यक्षात तो केव्हा दिसेल हे पाहणाऱ्याची नजर आणि लपणाऱ्याची छपण्याची क्षमता यांवर ठरते. झुडपाला चिकटून गोळा झाडला की ते झुडूप फारसा आडोसा देत नाही. पंधरा मीटरहून थोडे जास्त मागे सरून, पुढच्या सोबत्याने दाखवलेल्या शत्रूवर झाडला तर मात्र झाडणारा पुष्कळदा लपलेलाच राहतो. हलका रणगाडा चालवणारा एकही गोळा न झाडता लढाई जिंकून देऊ शकतो, ही या खेळाची मोठीच देणगी.

रणगाड्यांच्या इतिहासाची ओढही खेळाडूंना इथे आणते. अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन ही यंत्रे उभी आहेत, आणि हीच नावे खेळातल्या ब्रिटिश रणगाड्यांच्या रांगेतही भेटतात.

वैतागाची सुरुवात टियरपासून, म्हणजे रणगाड्यांच्या पायऱ्यांपासून, होते. पहिल्या टियरपासून सर्वांत वरच्यापर्यंतची चढण अनुभवगुणांनी चढायची असते. नवा रणगाडा हाती येतो तो ‘स्टॉक’ अवस्थेत: तोफ कमजोर, इंजिन मंद. चांगली तोफ मिळवण्यासाठी त्याच कमजोर तोफेने कितीतरी लढाया माराव्या लागतात. यालाच खेळाडू ‘ग्राइंड’ म्हणतात. शिवाय लढाईनंतर दुरुस्तीचा आणि गोळ्यांचा खर्च चांदीच्या क्रेडिटमधून कापला जातो. दहाव्या टियरला हरलेली लढाई फुकट खेळणाऱ्याला बहुधा तोट्यातच जाते. प्रीमियम खाते घेतले की अनुभव आणि क्रेडिट दोन्ही वाढतात. प्रीमियम रणगाडा घेतला की कमाई आणखी वाढते. म्हणजे कंपनी विकते तो वेळ, आणि तो वेळ आधी तिनेच लांबवलेला असतो. खेळाबद्दलची सर्वांत न्याय्य तक्रार हीच.

जास्त भेदक ‘गोल्ड’ गोळे पूर्वी फक्त विकतच्या सोन्याने मिळत. २०१२ पासून ते क्रेडिटवरही मिळू लागले, आणि २०१३ मध्ये कंपनीने लढाईतला विकतचा फायदा काढून टाकण्याचे धोरण जाहीर केले. त्याने श्रीमंत-गरीब हा भेद कमी झाला खरा, पण सरसकट भेदक गोळे झाडले जाऊ लागल्यावर जाड चिलखतावर भिस्त ठेवणाऱ्या रणगाड्यांचे मोल घटले.

नशिबाचा भागही मोठा आहे. २०० मिमी भेदणाऱ्या तोफेचा प्रत्येक गोळा १५० ते २५० मिमीच्या दरम्यान कुठेही पडतो. नुकसानही असेच पंचवीस टक्क्यांनी वर-खाली होते. शंभर लढायांत ते समसमान होते, पण शेवटच्या निर्णायक गोळ्याला झालेला दगा खेळाडू विसरत नाही. लढाया जुळवणाऱ्या मॅचमेकरने आठव्या टियरचा रणगाडा दहाव्या टियरच्या लढाईत ढकलला तर समोरच्या चिलखतावर गोळे नुसते ठणठणत राहतात. आर्टीचा, म्हणजे लांबून मारा करणाऱ्या तोफगाडीचा, त्रास वेगळाच: ती नकाशा वरून पाहते आणि दगडाआड नीट दडलेल्यालाही झोडपते. २०१७ मध्ये तिचा मारा सौम्य करून तिला शत्रूचे सैनिक काही सेकंद बधिर करण्याचे काम दिले आणि एका बाजूला तीनच आर्टी असे बंधन घातले. राग तरी पुरता निवळला नाही.

खिशाला हात न लावता खेळायचे असेल तर पाचवा ते सातवा टियर सर्वांत सुखाचा. दुरुस्ती स्वस्त, गोळे स्वस्त, आणि टी-३४, टायगर यांसारखे युद्धात खरोखर लढलेले रणगाडे याच टप्प्यात येतात. गॅरेजमधली जागा मात्र सोन्याने घ्यावी लागते. तेव्हा फुकट खेळणाऱ्याला पुढचा रणगाडा घेताना बहुधा मागचा विकावा लागतो, आणि विकताना निम्मीच किंमत हाती येते. त्यामुळे जो रणगाडा हाताला बसला आहे तो ठेवून वरच्या टियरचा मोह टाळणे, हेच बहुतेकांना परवडते.