२जी ते ५जी : मोबाइल जाळ्यांच्या पिढ्या आणि मराठीचा प्रवास

उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला
• मोबाइल जाळ्याच्या २जी, ३जी, ४जी व ५जी या पिढ्यांतील मूलभूत फरक सांगता येईल.
• वेग, विलंब आणि पल्ला या तीन संकल्पना वेगळ्या करता येतील.
• या तंत्रबदलांचा मराठीच्या लेखनावर व ध्वनिवहनावर झालेला परिणाम स्पष्ट करता येईल.
• आपल्या हाती असलेल्या जाळ्यानुसार अध्ययनसाहित्याची निवड करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भाषा ज्या माध्यमातून प्रवास करते त्या माध्यमाचे नियम तिला पाळावे लागतात. जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून तारेची भाषा विशेषणे आणि क्रियापदे गाळणारी झाली होती. मोबाइल हे आजचे सर्वांत व्यापक माध्यम आहे. त्याचेही नियम आहेत आणि ते प्रत्येक पिढीगणिक बदलत गेले आहेत.

'जी' हे अक्षर इंग्रजी 'जनरेशन' म्हणजे पिढी या शब्दाचे आद्याक्षर होय. जाहिरातींमुळे या पिढ्यांतील फरक केवळ वेगाचा आहे असा समज रूढ झाला आहे. तो अपुरा आहे. उपलब्ध जागेची वाटणी कशी होते, संदेश किती दूर पोचतो आणि कोणत्या लिपीला व कोणत्या ध्वनीला किती जागा मिळते, हेही प्रश्न तितकेच महत्त्वाचे आहेत. दूरस्थ पद्धतीने शिकणाऱ्याच्या दृष्टीने तर या प्रश्नांच्या उत्तरांवर त्याचा वर्ग त्याच्यापर्यंत पोचतो की नाही हे अवलंबून असते.

२. पिढ्यांचा क्रम

भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी दिल्लीस संपर्क साधला. ही सेवा दुसऱ्या पिढीची, म्हणजे २जीची होती. ३जीचा आरंभ २००८च्या अखेरीस एमटीएनएलने दिल्लीत केला. ४जी सेवा एअरटेलने एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात सुरू केली. परंतु ती सर्वसामान्यांच्या हाती आली ती सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर. ५जीचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत झाले.

नवी पिढी आली की जुनी लगेच निवृत्त होते, असे मात्र नाही. एअरटेलने २०१९-२०च्या सुमारास ३जी सेवा बंद केली आणि त्याहून जुनी २जी चालू ठेवली. साध्या कळफलकाचे फोन वापरणारे कोट्यवधी ग्राहक २जीवर होते. ३जी वापरणाऱ्यांना ४जीकडे नेणे तुलनेने सोपे होते. तंत्रज्ञानाचे आयुष्य ते वापरणाऱ्यांवरही ठरते, याचे हे उदाहरण होय. जिओचे जाळे मात्र आरंभापासून ४जीचे असल्याने केवळ २जीवर चालणारा फोन त्यावर उपयोगी पडत नाही.

३. जागेची वाटणी

रेडिओलहरींची उपलब्ध पट्टी मर्यादित असते. अनेकांना ती कशी वाटून द्यावी, याचे प्रत्येक पिढीचे उत्तर निराळे आहे.

२जीमध्ये २०० किलोहर्ट्झ रुंदीच्या एका पट्टीचे काळाच्या आठ तुकड्यांत विभाजन केले जाते. प्रत्येक फोनला आपल्या तुकड्यापुरती पट्टी मिळते. परभणी जिल्ह्यातील ज्या शेतकऱ्यांनी जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी शेजपाळीने घेतले आहे, त्यांना ही पद्धत चटकन उमजेल. पाणी एकच असते, पाळी ज्याची त्याची.

३जीमध्ये पट्टी ५ मेगाहर्ट्झची, म्हणजे २जीच्या पंचवीसपट रुंद झाली. येथे पाळ्या नाहीत. सर्वजण एकाच वेळी बोलतात, मात्र प्रत्येकाचे सांकेतिक रूप वेगळे असते. पूर्णा जंक्शनच्या फलाटावर मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगू संभाषणे एकाच वेळी चाललेली असतात, तरी आपल्या भाषेतील बोलणे आपला कान अचूक वेचतो. तसेच हे आहे. फलाटावरील गर्दी वाढली की ऐकू येणे जसे अवघड होते, तशी गर्दीत ३जीचीही कार्यक्षमता घटते.

४जीमध्ये २० मेगाहर्ट्झपर्यंतची पट्टी शेकडो अरुंद उपपट्ट्यांत विभागली जाते आणि कोणाला किती उपपट्ट्या द्यायच्या हे दर मिलिसेकंदाला नव्याने ठरते. ५जीने हेच तत्त्व पुढे नेले. तिच्या मध्यम वारंवारतेतील पट्टीची रुंदी १०० मेगाहर्ट्झपर्यंत जाते. २जीच्या एका पट्टीच्या ती पाचशेपट आहे. वेगवाढीचे मोठे रहस्य या रुंदीत आहे.

दुसरा बदल जोडणीच्या पद्धतीत झाला. मूळ २जीत संभाषण सुरू असेपर्यंत एक वाट दोघांसाठी राखून ठेवली जाई. दोघेही गप्प असले तरी ती अडलेली असे. याला सर्किट पद्धत म्हणतात. पुढे जीपीआरएस आणि एज या सुधारणांनी २जीत पॅकेट पद्धत आणली. तीत मजकुराचे लहान तुकडे, टपालाच्या थैलीतील पत्रांप्रमाणे, पत्ता लावून सामायिक वाटेने पाठवले जातात. ४जीपासून आवाजासह सर्व काही पॅकेट पद्धतीनेच जाते. फोनच्या पडद्यावर वरच्या कडेला इंग्रजी 'ई' हे अक्षर दिसते, तेव्हा आपण २जीच्या एज सुधारणेवर आहोत असे समजावे.

४. वेगाचे गणित

वेग 'बिट'मध्ये सांगितला जातो आणि फाइलचा आकार 'बाइट'मध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. हा फरक लक्षात न घेतल्यास आठपटीची चूक होते. पुढील तक्त्यात गणितासाठी २जीचा वेग ४० किलोबिट, ३जीचा १ मेगाबिट, ४जीचा १० मेगाबिट आणि ५जीचा १०० मेगाबिट प्रतिसेकंद धरला आहे. प्रत्यक्ष वेग स्थळ, वेळ आणि गर्दीनुसार कमीअधिक असतो.

| साहित्य | २जी | ३जी | ४जी | ५जी |
|---|---|---|---|---|
| मराठी मजकुराचे एक पान (६ किलोबाइट) | सुमारे १ सेकंद | क्षणार्धात | क्षणार्धात | क्षणार्धात |
| वहीच्या पानाचे छायाचित्र (२ मेगाबाइट) | सुमारे ६ मिनिटे ४० सेकंद | १६ सेकंद | दीड-दोन सेकंद | क्षणार्धात |
| ४५ मिनिटांचे ध्वनिमुद्रित व्याख्यान (सुमारे ११ मेगाबाइट) | सुमारे ३६ मिनिटे | दीड मिनिट | ९ सेकंद | १ सेकंद |
| तेच व्याख्यान चित्रफितीत (सुमारे १७० मेगाबाइट) | ९ तासांहून अधिक | २२-२३ मिनिटे | सव्वादोन मिनिटे | १३-१४ सेकंद |

तक्ता उभा वाचला तर पिढ्यांपेक्षाही साहित्याच्या प्रकारातील फरक डोळ्यांत भरतो. मजकुराचे पान सर्वांत जुन्या जाळ्यावरूनही येऊ शकते. त्याच पानाचे छायाचित्र काढून पाठवले की भार तीनशेपटींहून अधिक वाढतो.

वेगाबरोबर विलंबही पाहावा लागतो. पाठवलेल्या तुकड्याला उत्तर येण्यास लागणारा वेळ, ज्याला तंत्रज्ञ लेटन्सी म्हणतात, तो २जीत अर्ध्या सेकंदाच्या किंवा अधिकच्या घरात असे. ४जीत तो काही दशक मिलिसेकंदांवर आला. दृक्-श्राव्य संपर्कसत्रात प्रश्न विचारल्यावर उत्तर स्वाभाविकपणे येते की दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळते, हे मुख्यतः विलंबावर ठरते.

५. देवनागरीचे मोजमाप

जुन्या जाळ्याचा मराठीशी सर्वांत थेट संबंध आला तो लघुसंदेशात, म्हणजे एसएमएसमध्ये. एका एसएमएसची कमाल जागा १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट. या व्यवस्थेच्या मूळ वर्णसंचात रोमन अक्षरांना प्रत्येकी ७ बिट लागतात. म्हणून एका संदेशात १६० अक्षरे बसतात. देवनागरी त्या मूळ संचात नव्हती. तिच्यासाठी प्रत्येक चिन्हाला १६ बिटांची पद्धत वापरावी लागे, आणि १,१२०ला १६ने भागले की उरतात ७० चिन्हे.

ही चिन्हे म्हणजे आपण मोजतो ती अक्षरे नव्हेत. 'विद्यार्थी' या शब्दात आपण तीन अक्षरे मोजतो. संगणकीय संकेतात मात्र व, इकार, द, हलन्त, य, आकार, र, हलन्त, थ, ईकार अशी दहा चिन्हे होतात. त्यांना १६० बिट लागतात. हाच शब्द रोमन लिपीत नऊ अक्षरांचा होतो आणि ६३ बिटांत मावतो. जोडाक्षरे आणि स्वरचिन्हे ही ज्या लिपीची मूलभूत वैशिष्ट्ये आहेत, तिला त्या वैशिष्ट्यांचीच किंमत मोजावी लागत होती.

याच्या जोडीला अनेक फोनवर देवनागरी कळा नव्हत्या, टंक नव्हते. मराठी संदेशाच्या जागी रिकाम्या चौकटी उमटत. परिणामी मराठी बोलणारे रोमन लिपीत लिहू लागले. त्यात भाषेतील भेद पुसले गेले. रोमन 'एमएएलए' म्हणजे मला, माला, माळा की मळा, हे संदर्भावरून ओळखावे लागते. ल आणि ळ यांतील, तसेच ऱ्हस्व-दीर्घातील भेद अशा लेखनात उरत नाही. 'मळा पाहिला' आणि 'माळा पाहिला' या वाक्यांतील फरक वाचणाऱ्याच्या तर्कावर सोपवला जातो.

३जी-४जीच्या काळात संदेश डेटाच्या वाटेने जाऊ लागले. तेथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास सामान्यतः तीन बाइट लागतात. 'विद्यार्थी'चे तीस बाइट होतात. जागा अजूनही अधिकच लागते, परंतु १४० बाइटांची भिंत राहिली नाही आणि छायाचित्रे व चित्रफिती वाहणाऱ्या जाळ्याला तीस बाइट नगण्य आहेत. रोमन मराठीचे तांत्रिक कारण संपले आहे. उरली आहे ती सवय, आणि सवय बदलणे आपल्या हाती आहे.

६. मराठी ध्वनींचे वहन

पारंपरिक दूरध्वनी आणि २जी संभाषणात साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच ध्वनिपट्टा वाहून नेला जातो. स्वर ओळखण्यास तो पुरेसा असतो. घर्षक ध्वनींचे तसे नाही. 'स'च्या उच्चारातील बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते, तर 'श'ची ऊर्जा त्याहून खालच्या भागात सुरू होते. पट्टा ३,४०० हर्ट्झवर कापला की 'स'चे मुख्य लक्षणच गळते. परभणी जिल्ह्यातील सेलू आणि रायगड जिल्ह्यातील शेलू ही नावे अशा फोनवर केवळ ध्वनीवरून वेगळी ओळखणे कठीण जाते. दन्त्य आणि तालव्य च-ज यांतील भेदही घर्षणाच्या उच्च वारंवारतेवर अवलंबून असतो. 'थोडेसे' या अर्थाचा 'जरा' दन्त्य आणि 'वार्धक्य' या अर्थाचा 'जरा' तालव्य. लेखनात एकच असलेले हे शब्द उच्चारानेच वेगळे होतात.

४जीवरील व्होल्टे पद्धतीत हा पट्टा ५० ते ७,००० हर्ट्झपर्यंत विस्तारता येतो. मात्र दोन्ही बाजूंचे फोन आणि मधले जाळे ही पद्धत वापरणारे हवे. एका टोकाला २जी असेल तर संभाषण अरुंद पट्ट्यावरच चालते. म्हणून बोलींच्या अभ्यासासाठी नमुने गोळा करताना फोनवरील संभाषण मुद्रित करू नये. वक्त्यासमोर बसून फोनच्या ध्वनिमुद्रकावर मुद्रण करावे आणि ती फाइल नंतर सावकाश पाठवावी. फाइल म्हणून पाठवलेल्या मुद्रणातील ध्वनी जाळे मंद असले तरी बिघडत नाहीत. केवळ पोचण्यास वेळ लागतो.

७. पल्ला आणि भूभाग

कमी वारंवारतेच्या लहरी अधिक दूर जातात आणि भिंतींतून अधिक शिरतात. ९०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, तर ५जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३,३०० मेगाहर्ट्झची सुमारे ९ सेंटिमीटर असते. दुसऱ्या पट्ट्यात जागा विपुल आहे, परंतु पल्ला कमी. म्हणून मनोरे जवळजवळ लागतात. दाट वस्तीच्या शहरात ते परवडते, विखुरलेल्या वस्तीत खर्च वाढतो. पल्ला हा पिढीचा नसून वारंवारतेचा गुण आहे. ७०० मेगाहर्ट्झवर चालणारी ५जी दूरवर पोचू शकते.

परभणी जिल्ह्याचा मध्यभाग गोदावरी, पूर्णा व दुधनेच्या खोऱ्यातील सपाट काळ्या मातीचा आहे. उत्तरेस जिंतूरकडे आणि दक्षिणेस गंगाखेडकडे डोंगररांगा आहेत. सपाटीवर एका मनोऱ्याचा प्रभाव दूरवर टिकतो. डोंगराआड मात्र छाया पडते. एकाच जिल्ह्यातील दोन विद्यार्थ्यांना एकाच कंपनीचे सिमकार्ड असूनही वेगळा अनुभव का येतो, याचे एक कारण येथे सापडते.

८. अध्ययनासाठी निष्कर्ष

विद्यार्थ्याने पुढील गोष्टी कराव्यात. जाळे दुबळे असेल तेथे आधी मजकूर, मग ध्वनिफीत आणि शेवटी चित्रफीत असा क्रम ठेवावा. चित्रफिती गर्दी कमी असलेल्या वेळी, पहाटे किंवा रात्री उशिरा, उतरवून घ्याव्यात. उत्तरे शक्यतो देवनागरीत टंकित करून पाठवावीत. त्यात डेटाही वाचतो आणि लेखनाचा सरावही होतो.

जबाबदारी विद्यार्थ्याचीच आहे असे मात्र समजू नये. शिक्षकाने केवळ चित्रफीत ठेवली आणि तिचा मजकूर दिला नाही, तर मंद जाळ्यावरील विद्यार्थ्याची वर्गातील जागा त्याने नकळत काढून घेतलेली असते. आपल्यापैकी अनेकजण पुढे शिक्षक, पत्रकार, ग्रामपंचायतीचे कर्मचारी वा कृषिसल्ला लिहिणारे होतील. आपला मजकूर कोणत्या जाळ्यावर वाचला जाणार आहे, हा प्रश्न त्यांनी लिहिण्यापूर्वी विचारला पाहिजे.

९. सारांश

२जी ते ५जी या प्रवासात पट्टीची रुंदी वाढली, जोडणी सर्किट पद्धतीकडून पॅकेट पद्धतीकडे गेली आणि विलंब घटला. एसएमएसमधील ७० चिन्हांच्या मर्यादेतून देवनागरी मोकळी झाली. ध्वनिपट्टा रुंदावल्याने मराठीचे घर्षक ध्वनी अधिक स्पष्ट पोचू लागले. तथापि नवी पिढी सर्वत्र सारखी पोचत नाही आणि जुनी अजून वापरात आहे. म्हणून हाती असलेले जाळे ओळखून साहित्याचे रूप ठरवणे हे आजच्या व्यावहारिक मराठीतील एक आवश्यक कौशल्य आहे.

१०. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. सर्किट पद्धत आणि पॅकेट पद्धत यांतील फरक स्वतःच्या परिसरातील उदाहरणाने स्पष्ट करा.
२. 'ज्ञानेश्वरी' आणि 'महाराष्ट्र' या शब्दांतील संगणकीय चिन्हे मोजा व एसएमएसमध्ये त्यांना किती बिट लागतील ते काढा.
३. रोमन लिपीतील मराठीत कोणते अर्थभेद हरवतात? पाच शब्दगट देऊन सांगा.
४. आपल्या गावातील एका ज्येष्ठ व्यक्तीचे पाच मिनिटांचे बोलणे समोर बसून ध्वनिमुद्रित करा. त्याच व्यक्तीशी फोनवर बोलून स, श, च, ज यांचे उच्चार कसे ऐकू येतात त्याची तुलना लिहा. मुद्रणापूर्वी त्या व्यक्तीची संमती घ्या.