कृष्णाकांठीं हिंवाळ्यांतील लेट्यूसची लागवड

कृष्णा व तारळी या नद्यांच्या संगमावर वसलेलें उंब्रज हें गांव समर्थ रामदासस्वामींच्या अकरा मारुतींपैकीं एकाचें स्थान म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. शेतकऱ्यास मात्र त्याची ओळख निराळी आहे. नदीकांठची काळी कसदार जमीन, बागाइतीचें पाणी आणि पुणें-बंगळूर महामार्ग हीं तिन्ही साधनें येथें एकत्र आलीं आहेत. असें असूनही येथील बागाइती जमिनीचा मोठा भाग उसाखालीं गुंतून राहतो, आणि लावलेल्या उसाचा पैसा हातीं येण्यास बारा ते अठरा महिने वाट पाहावी लागते. मधल्या काळांत घरखर्च, मुलांच्या शिक्षणाचा खर्च व मजुरी यांची तोंडमिळवणी कशी करावी, हा प्रश्न लहान खातेदारास दरसाल भेडसावतो. थोड्या जागेंत, थोड्या दिवसांत व केवळ थंडीच्या बळावर येणारें एखादें पीक त्यास उपयोगी पडेल काय, याचा विचार करितांना लेट्यूस या पालेभाजीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

लेट्यूस, जिला कांहीं ठिकाणीं सालाद असेंहि म्हणतात, ती सूर्यफूल व करडई यांच्या कुळांतील वनस्पती होय. तिचा देंठ मोडला कीं पांढरा चीक निघतो. तिचें ‘लॅक्टुका’ हें लॅटिन नांव दूध या अर्थाच्या शब्दावरूनच पडलें आहे. आपल्या रानांत आपोआप उगवणारी पाथरी ही हिचीच भावकी. पाथरीचीं कोंवळीं पानें भाकरीबरोबर कच्चीं खाणाऱ्या लोकांस ही भाजी अगदींच परकी वाटण्याचें कारण नाहीं. विलायती भाज्यांची लागवडहि आपल्या सातारा जिल्ह्यास नवी नव्हे. महाबळेश्वर येथें १८३४ सालीं चिनी व मलायी कैद्यांसाठीं तुरुंग बांधण्यांत आला. १८६४ सालीं तो बंद होईपर्यंत या कैद्यांनीं तेथें बटाटे व अनेक विलायती भाज्या पिकविल्या.

परंतु महाबळेश्वरचें पठार आणि कृष्णेचें खोरें यांत मोठा भेद आहे. तेथें उंचीमुळें गारवा दीर्घकाळ टिकतो. येथें तो चार महिन्यांचा पाहुणा असतो. म्हणून उंब्रजकडील शेतकऱ्यानें एकच गोष्ट प्रथम मनाशीं पक्की करावी: या पिकांत जमिनीपेक्षां आणि खतापेक्षांहि वेळेस अधिक महत्त्व आहे.

हंगाम.— लेट्यूसच्या बियांस १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवतें. तापमान ३० अंशांच्या आसपास गेलें कीं चांगलें जिवंत बींहि निद्रिस्त होतें व उगवत नाहीं. पुष्कळदां बियाणें फसवें निघालें अशी तक्रार होते, तींत खरा दोष आश्विनांतील उन्हाचा असतो. उलट पक्षीं, फाल्गुनांत दिवस मोठा व ऊन कडक होऊं लागलें कीं झाड पानें वाढविण्याचें सोडून फुलाचा दांडा वर काढतें. चीक वाढतो, पान कडू होतें आणि माल कोणी घेत नाहीं. या दोन मर्यादांच्या आंत सर्व काम उरकावयाचें आहे. कोजागिरीच्या सुमारास पहिलें बीं टाकावें, आणि महाशिवरात्रीच्या सुमारास शेवटचा माल काढण्याच्या बेतानें चालावें.

रोपें.— बीं अत्यंत बारीक असतें. एका ग्रॅममध्यें सुमारें आठशें बिया भरतात. म्हणून एका गुंठ्यास पांच ग्रॅम बीं पुरेसें होतें. पहिल्या खेपेस हवेंत उष्मा असल्यास बीं ओल्या फडक्यांत गुंडाळून पाण्याच्या माठाशेजारीं गारव्यांत एक दिवस ठेवावें व मग सायंकाळीं पेरावें. बियांस उगवतांना उजेडाची गरज असते, यास्तव ते खोल पुरूं नये. वर चाळलेल्या खताचा अगदीं पातळ थर पुरे. वाफा गादीसारखा उंच असावा, म्हणजे पाणी सांचून रोपें बुडाशीं कुजून कोलमडत नाहींत. दुपारीं वाफ्यावर गोणपाटाची सावली धरावी, परंतु उगवण होतांच ती हळूहळू कमी करावी; सावलींतलें रोप लांबट व नाजूक होतें. चार ते पांच आठवड्यांत, चार-पांच पानें फुटलीं कीं रोपें लावणीस तयार होतात.

लागवड.— गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागा. एक-एक फुटावर रोप लाविल्यास बांधपाट सोडून नऊशें ते हजार झाडें बसतात. गुंठ्यास पूर्ण कुजलेलें शेणखत सुमारें २०० किलो घालावें. रोप लावितांना त्याचा गाभा मातींत दडपूं नये. या पिकाचीं मुळें उथळ असल्यामुळें खुरपणी वरवर करावी. पूर्वहंगामी ऊस लहान असतांना वरंब्याच्या बगलेवर हीं रोपें लावितां येतात. ऊस वाढून सावली धरण्यापूर्वीं लेट्यूस निघून जातें. मात्र अशा उसांत ॲट्राझीन वा टू-फोर-डी यांसारखें तणनाशक मारावयाचें असेल, तर तेथें लेट्यूस लावूंच नये. रुंद पानाच्या तणास मारणारें औषध रुंद पानाच्या पिकासहि सोडीत नाहीं.

पाणी व स्वच्छता.— पाणी थोडें परंतु वेळच्या वेळीं द्यावें. जमिनीच्या मगदुराप्रमाणें चार ते सहा दिवसांचें अंतर ठीक पडतें. एकदां जमीन भेगाळूं देऊन मग भरपूर पाणी दिल्यास कोंवळ्या पानांच्या कडा करपतात. सायंकाळीं पानांवर पाणी पडूं देऊं नये. रात्रभर ओलीं राहिलेलीं पानें केवडा व कुजीच्या रोगांस आमंत्रण देतात. मावा व गोगलगाई यांवर पहिल्यापासून नजर ठेवावी. गोगलगाई सकाळीं लवकर हातानें वेंचून काढतां येतात.

येथें एका गोष्टीवर आम्ही विशेष भर देतों. मेथी-पालक शिजतात, ही भाजी शिजत नाहीं. जें पाणी पानावर पडेल, तेंच खाणाराच्या पोटांत जाईल. गटार मिसळलेल्या ओढ्याचें वा नदीच्या दूषित डोहाचें पाणी या पिकास देऊं नये. विहिरीचें स्वच्छ पाणी द्यावें. ताजें शेण वा शेणाची स्लरी उभ्या पिकांत घालूं नये. औषध मारणें अपरिहार्य झाल्यास पिकासाठीं नेमून दिलेलें तेवढेंच वापरावें आणि काढणीपूर्वीं सांगितलेले दिवस कसोशीनें पाळावे. आपल्या मुलास जें पान शेतांतून तोडून धुऊन खावयास देववणार नाहीं, तें बाजारांत नेऊं नये, हा नियम सर्वांत सोपा आहे.

काढणी व विक्री.— सुट्या पानांच्या जातीची काढणी लावणीपासून सुमारें दीड महिन्यांत सुरू होते. ‘ग्रेट लेक्स’सारख्या गड्डा धरणाऱ्या जातीस दोन ते अडीच महिने लागतात. नवख्या शेतकऱ्यानें सुट्या पानांच्या जातीपासून आरंभ करावा, कारण आमच्याकडील अल्प थंडींत गड्डा घट्ट भरेलच अशी खात्री नसते. पहाटे, पान ताठ असतांना कापावें. माल लगेच सावलींत न्यावा आणि ओलसर गोणपाटाखालीं क्रेटमध्यें ठेवावा. पिकलेलीं केळीं वा टोमॅटो यांच्याशेजारीं तो ठेवूं नये. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूनें लेट्यूसच्या पानांवर तांबूस डाग पडतात.

हा माल कांद्यासारखा चाळींत ठेवून भावाची वाट पाहण्याजोगा नाहीं. म्हणून बीं टाकण्यापूर्वीं गिऱ्हाईक ठरवावें. महामार्गावरील उपाहारगृहें, कऱ्हाड व सातारा येथील भाजीवाले, पांचगणीच्या वसतिशाळा, आणि चार-पांच शेतकरी मिळून गाडी भरत असेल तर पुणें, अशी चौकशी दसऱ्यापूर्वींच करावी. दर आठवड्यास किती माल लागेल, हें त्यांच्याकडूनच विचारून घ्यावें व तितकेंच पेरावें. अर्धा एकर एकदम लावणारा शेतकरी एकाच आठवड्यांत डोंगराएवढा पाला घेऊन बसतो, आणि तो अखेर जनावरांपुढें टाकावा लागतो. त्याच शेतकऱ्यानें एका गुंठ्याचे चार भाग करून दर पंधरा दिवसांनीं अडीचशें रोपें लाविलीं असतीं, तर दोन महिने त्याच्या दारीं थोडा थोडा पैसा येत राहिला असता.

उसाची जागा लेट्यूस घेईल असें आम्ही म्हणत नाहीं. तशी आशा दाखविणें अप्रामाणिकपणाचें होईल. उसाचें बिल येईपर्यंत घरांत चार पैसे खेळते राहावे, कर्जाचा एखादा हप्ता भागावा आणि वरंब्याची मोकळी जागा वायां जाऊं नये, एवढाच या पिकाचा अधिकार आहे. तो त्यास यंदा एका गुंठ्यापुरता देऊन पाहावा. खेपेखेपेस बीं कधीं टाकलें, किती उगवलें, किती विकलें व किती फुकट गेलें, हें वहींत टिपून ठेवावें. दुसऱ्या वर्षीं क्षेत्र वाढवावें कीं नाहीं, याचें उत्तर ती वही कोणत्याहि सल्लागारापेक्षां अधिक खरें देईल.