दसऱ्याची मायबाख आणि टायरमधली हवा

कोल्हापूरच्या दसरा चौकात सीमोल्लंघनाला छत्रपती घराण्याची १९३०च्या दशकातली मायबाख आली, की सगळ्यांचे मोबाईल बॉनेटकडे वळतात. मी आधी टायर बघतो!

सुरुवातीच्या मोटारींना अरुंद टायर आणि दाबून भरलेली हवा असे. फोर्ड मॉडेल टीला सुमारे ६० पौंड! कारण टायरची कड रिमच्या खाचेत हवेच्या जोरावरच धरून राहायची. हवा कमी झाली तर वळणावर टायर रिम सोडायचा. चाक हलकं पळे, पण प्रत्येक खड्डा थेट मणक्याला कळे. १९२३च्या सुमारास अमेरिकेत रुंद ‘बलून’ टायर आले. हवा ३०-३५ पौंडांवर उतरली, रस्त्यावरची पकड वाढली, हादरे कमी झाले. बदल्यात स्टिअरिंग जड झालं. पॉवर स्टिअरिंग तेव्हा कुठलं!

हे टायर क्रॉस-प्लाय, म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या धाग्यांच्या थरांचे. हवा कमी असली की त्यांच्या बाजू सतत दुमडतात, रबर तापतं, इंजिनाची ताकद त्यातच वाया जाते. जास्त भरली तर टायर मधोमध झिजतो आणि ब्रेक मारल्यावर गाडी घसरते. आडव्या धाग्यांचे रेडियल टायर बाजारात आले ते १९४६नंतर, मिशलिनमुळे.

जुनी गाडी घेऊन गगनबावड्याला निघणाऱ्यांनो, हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासा. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पौंड चढतो. आणि एकाच गाडीला क्रॉस-प्लाय व रेडियल मिसळून अजिबात लावू नका.