मुलीचा फोन काढून घेण्याआधी : सायबर छळ कसा ओळखावा, कसा थांबवावा

१ जानेवारी २०२२ रोजी ‘बुल्ली बाई’ हे अ‍ॅप उघडकीस आले. शंभरहून अधिक मुस्लिम महिलांचे फोटो सोशल मीडियावरून उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडला होता. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ नावाने असाच प्रकार झाला होता. तेव्हा गुन्हे नोंदले गेले, पण सहा महिने कोणालाही अटक झाली नाही. तरीही महिला गप्प बसल्या नाहीत, त्यांनी पुन्हा तक्रार केली. या वेळी मुंबई सायबर पोलिसांनी आठवड्याभरात बंगळुरू आणि उत्तराखंडमधून तिघांना पकडले. त्यानंतर ‘सुल्ली डील्स’मध्येही पहिली अटक झाली.

मुंबईने पकडलेले तिघेही १८ ते २१ वयाचे होते, म्हणजे आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांएवढे. फोटो उचलणे, घाणेरडे नाव ठेवणे, फेक आयडी काढणे हे प्रकार शाळेच्या ग्रुपवरही चालतात.

ओळखायचे कसे?

मूल सहसा स्वतःहून सांगत नाही. मारापेक्षा त्याला भीती असते ती फोन जाण्याची, आणि मुलींना तर शिक्षण बंद होण्याची. म्हणून वागण्यातला बदल बघा. मेसेज आला की चेहरा उतरतो, कोणी जवळ आले की स्क्रीन झाकली जाते, अचानक अकाउंट बंद होते, झोप आणि भूक कमी होते, शाळेत जायला नको वाटते. एखाद्या गोष्टीवरून निष्कर्ष काढू नका, पण दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर शांतपणे विचारा. पहिले वाक्य हेच असू दे : “बेटा, तुझा फोन घेणार नाही, काय झालं ते सांग.”

मग काय करायचे?

१) घाईने काही डिलीट करू नका. मेसेज, प्रोफाइलची लिंक, नंबर, तारीख-वेळ यांचे स्क्रीनशॉट ठेवा. अल्पवयीन मुलाचा अश्लील फोटो असेल तर त्याची कॉपी काढू नका आणि पुरावा म्हणूनही नातेवाइकांना पाठवू नका. तो पुढे पाठवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. फक्त लिंक आणि नंबर लिहून पोलिसांना दाखवा.

२) उलट उत्तर देऊ नका. पुरावा ठेवून झाला की रिपोर्ट करा, मग ब्लॉक करा. अशा फोटोंबाबत तक्रार आल्यावर २४ तासांत कारवाई करण्याचे बंधन २०२१ च्या नियमांनी कंपन्यांवर घातले.

३) सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधीची तक्रार नाव न सांगताही करता येते. ब्लॅकमेल करून पैसे उकळले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. मुलांसाठी १०९८ आहे.

४) खारीगाव, नवघर, मीरा रोड हा भाग मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात येतो. आयुक्तालयाचे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणे आहे. तिथे जाणे जमले नाही तर जवळच्या ठाण्यात जा. “आमच्या हद्दीत येत नाही” म्हणून गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही.

कायदा तक्रारदाराच्या बाजूने आहे. ऑनलाइन पाठलाग भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतो, दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरणे आयटी कायद्याच्या ६६क खाली.

आधीच काय करता येईल?

अकाउंट प्रायव्हेट ठेवा, दुहेरी पडताळणी सुरू करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ग्रुपमध्ये कोण जोडू शकेल ते ठरवा. आणि मुलग्यांशीही बोला. एकमेकांची टिंगल करू नका, वाईट नावांनी हाक मारू नका, ही सूरह हुजुरातची शिकवण मोबाइललाही लागू आहे. कोणाचा फोटो हसत फॉरवर्ड करणाराही त्या छळात सामील असतो, हे त्यांना घरातच कळायला हवे.

फोन काढून घेतल्याने छळणारा थांबत नाही, फक्त मुलगी एकटी पडते. अम्मी-अब्बू सोबत आहेत एवढा भरवसा तिला मिळाला, तर ती पहिल्याच मेसेजला येऊन सांगेल.