स्टुअर्टचे वुड बंधू : एका घरातून उभा राहिलेला शर्यतीचा संघ

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून वेल्डिंगची कामे करून घेत, परीक्षेच्या तोंडावर रात्री जागवत, आपल्या नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुले मातीवर धावणारी चारचाकी तयार करताना दिसतात. 2007 साली मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे सुरू झालेल्या ‘बाहा’ स्पर्धेसाठी ही धडपड असते. खड्डे, चढ आणि चिखल यांतून गाडीने सलग चार तास तग धरायचा, अशी त्या स्पर्धेची शेवटची कसोटी. घरची वडीलधारी मंडळी मात्र विचारतात, ‘ह्या उद्योगातून निष्पन्न काय होणार?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर सातासमुद्रापलीकडच्या एका शेतकरी कुटुंबाच्या इतिहासात सापडते, म्हणून तो येथे सांगावासा वाटतो.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, ब्लू रिज पर्वताच्या पायथ्याशी स्टुअर्ट नावाचे लहानसे गाव आहे. तेथील वॉल्टर वुड शेती सांभाळून गाड्यांची दुरुस्तीही करीत. त्यांना पाच मुलगे : ग्लेन, क्ले, रे ली, डेलानो आणि लिओनार्ड. ह्या भावांनी 1950 साली सुरू केलेला संघ आजही त्याच कुटुंबाच्या हाती आहे. ऑगस्ट 2024 मध्ये डेटोना येथे त्याने अमेरिकेतील सर्वोच्च मालिकेतला आपला शंभरावा विजय नोंदवला. आपल्याकडे तीन पिढ्या टिकलेल्या पेढीचे कौतुक होते. येथे तर धंदाच असा की त्यात एका दुपारी सगळे भांडवल भिंतीवर आदळू शकते.

त्या काळी ‘स्टॉक कार’ म्हणजे दुकानातून विकत घेतली तशीच, घरगुती वापराची मोटार. शर्यतीसाठी खास घडवलेले वाहन तेथे चालत नसे. डिसेंबर 1947 मध्ये बिल फ्रान्स यांनी डेटोना बीचच्या एका हॉटेलात बैठक बोलावली आणि त्यातून ‘नॅस्कार’ ही संस्था जन्मली. जून 1949 मध्ये शार्लट येथील मातीच्या धावपट्टीवर तिने अशा मोटारींची पहिली मोठी शर्यत घेतली. प्रथम आलेल्या ग्लेन डनवे यांच्या गाडीच्या स्प्रिंगांत फेरफार आढळला, तेव्हा त्यांचा विजय रद्द करून दुसऱ्या क्रमांकाच्या जिम रोपर यांना विजयी ठरवण्यात आले. चोरट्या दारूची वाहतूक करणारे लोक पोलिसांना हुलकावणी देण्यासाठी गाड्यांत असेच बदल करीत, आणि त्यांपैकी कित्येक जण रविवारी शर्यतीत उतरत. ह्या खेळाचे कूळ फारसे सोज्वळ नव्हते, हे लपवण्यात अर्थ नाही.

ग्लेन लाकूडतोडीच्या धंद्यात होता. शेजारच्या भागातला लाकडाचा व्यापारी कर्टिस टर्नर शर्यतीत नाव कमावत होता. त्याला पाहून ग्लेनच्या मनानेही उचल खाल्ली. पंचविशीच्या उंबरठ्यावर असताना त्याने एका मित्राच्या भागीदारीत 1938 ची जुनी फोर्ड 50 डॉलरला घेतली. धाकटा लिओनार्ड तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा. घराजवळच्या एका झाडाच्या फांदीला साखळी अडकवून इंजिन वर ओढायचे, अशी त्यांची कार्यशाळा! आपल्याकडच्या रस्त्याकडेच्या मिस्त्रीला यात काहीच नवल वाटणार नाही.

पहिली शर्यत मॉरिस स्पीडवे येथे झाली. धडकेत मागचा एक्सल वाकला. गाडी दुसऱ्या वाहनाला बांधून घरी आणताना वाटेतच तो मोडला, पेट्रोल सांडले आणि गाडीने पेट घेतला. उमेद तेथेच संपली असती तर कोणी दोष दिला नसता. भावांनी तीच गाडी पुन्हा उभी केली.

मातीची धावपट्टी हा प्रकार डांबरी रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला सहजी उमगत नाही. लंबवर्तुळाकार पट्टीवर वळण सदैव डावीकडे. वळताना मागची चाके बाहेरच्या बाजूला घसरतात, आणि चालकाला स्टिअरिंग उजवीकडे फिरवून गाडी डावीकडे न्यावी लागते. फेऱ्या वाढतात तसा पृष्ठभाग खरवडला जातो, चर पडतात. धुळीचे तर विचारूच नका. स्टुअर्टपासून जवळच असलेली मार्टिन्सव्हिलची धावपट्टी 1947 साली सुरू झाली, तेव्हा रविवारचे ठेवणीतले कपडे घालून आलेले प्रेक्षक तांबड्या धुळीने माखून परतले होते. 1955 साली तेथे डांबर पडले. त्याआधी, 1953 मध्ये, ग्लेन ह्याच पट्टीवर सर्वोच्च मालिकेतली आपली पहिली शर्यत धावला.

दिवसा पोटापाण्याचे काम आणि संध्याकाळी गाडी, असा तो क्रम. ग्लेन उत्तम चालक होता. सर्वोच्च मालिकेतल्या चार शर्यती त्याने जिंकल्या, त्या चारही विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे मैदानावर. तथापि पुढे त्याने स्टिअरिंग दुसऱ्यांच्या हाती दिले आणि स्वतः संघाचा कारभार पाहू लागला. माझ्या मते ह्या घराच्या इतिहासातला सर्वांत कठीण निर्णय हाच असावा. टाळ्या चालकाला मिळतात, आणि थोरल्या भावाने टाळ्यांची जागा आपण होऊन सोडली. यंत्राची बाजू लिओनार्डकडे राहिली, जॅक डेलानोच्या हाती आला.

लिओनार्डने एक साधी गोष्ट हेरली होती. टायर बदलायला आणि इंधन भरायला गाडी थांबते, तो वेळ कोणी मोजतच नाही. ताशी 240 किलोमीटर वेगाने प्रतिस्पर्धी धावत असेल, तर आपले वीस सेकंद वाया जाताच तो तब्बल 1,300 मीटर पुढे निघून जातो. इंजिनातून तेवढे अंतर काढायला किती खर्च येईल? भावांनी मग थांब्याचाच अभ्यास मांडला. थोड्या दाबांत गाडी उचलेल असा बदल जॅकमध्ये केला, कोणी कोठून धावायचे हे ठरवले, इंधन विनाअडथळा ओतले जावे यासाठी उपाय शोधले, आणि घोटून सराव केला.

1963 च्या डेटोना 500 शर्यतीपूर्वी त्यांचा चालक मार्व्हिन पँच दुसऱ्याच एका गाडीची चाचणी घेताना उलटला आणि जळत्या गाडीत अडकला. तेथे असलेल्यांनी धाव घेऊन त्याला बाहेर ओढले. त्यांत टायनी लंड हा धिप्पाड चालक होता. त्याला त्या शर्यतीसाठी गाडीच मिळालेली नव्हती. रुग्णालयातून पँचने वुड बंधूंना सुचवले, माझी गाडी लंडला द्या. त्यांनी दिली. टायरांचा एकच संच आणि इतरांहून एक थांबा कमी, असा हिशेब बांधून लंड धावला. अखेरच्या फेऱ्यांत पुढच्या गाड्यांना इंधनासाठी थांबावे लागले आणि लंड जिंकला. पुढे त्या धाडसासाठी त्याला कार्नेगी पदकही मिळाले.

दोन वर्षांनी फोर्ड कंपनीने ह्या भावांना इंडियानापोलिसला बोलावले. तो खेळच वेगळा, गाडीही वेगळी : स्कॉटलंडचा जिम क्लार्क आणि त्याची इंग्लिश बनावटीची लोटस. लिओनार्डने इंधनाच्या वाटेतील एकेक अडथळा घासूनपुसून दूर केला. 31 मे 1965 रोजी क्लार्कने 200 पैकी 190 फेऱ्यांत आघाडी राखून शर्यत जिंकली. त्याची गाडी दोनदाच थांबली, आणि त्या दोन्ही थांब्यांना मिळून एक मिनिटही लागले नाही.