वसईचं चर्च, घंटा नाशिकला

वसई किल्ल्यातल्या गोन्सालो गार्सिया चर्चसमोर गेलं की आधी दार बघावं. दोन्ही अंगांना पन्हळी पाडलेले दगडी खांब, वर येशूच्या नावाची तीन रोमन अक्षरं. ही जेझुइटांची खूण. 1534 मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि सोळाव्या शतकाच्या मध्यावर जेझुइटांनी हे चर्च उभारलं. ज्याचं नाव आज त्याला आहे तो गोन्सालो वसईचाच. 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मेला, 1862 मध्ये संत ठरला. संतपण मात्र फ्रान्सिस्कन म्हणून मिळालं!

पण या चर्चच्या दुरुस्त झालेल्या भिंतींवरून बांधकाम कळत नाही. त्यासाठी किल्ल्यातली पडकी चर्चं हिंडावीत. गिलावा सुटलाय तिथे कारागिरांचा हिशेबीपणा उघडा पडतो. भिंतीच्या पोटात ओबडधोबड दगड चुन्यात दाबलेले. घडीव दगड फक्त कोपऱ्यांना, दारांना, खिडक्यांना. हा वसईचा दगड गोव्यात बॉम जीझसच्या खांबांनाही नेला, असं सांगतात. लोक बसत त्या दालनावर लाकडी छप्पर होतं, ते गेलं. वेदीवर मात्र दगडी कमानीचं छत, ते बऱ्याच ठिकाणी अजून उभं आहे. आणि मनोरे रिकामे.

1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि मनोऱ्यांतल्या घंटा घाटावर आल्या. वाईजवळच्या मेणवलीत 1707 सालची आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू. नाशिकला नारोशंकराच्या देवळाच्या दारावर 1721 सालची. हे देऊळ 1747 मध्ये बांधणारे नारोशंकर राजेबहादूर म्हणजे मालेगावचा भुईकोट बांधणारेच. आपल्या आग्रा रोडवरचे गृहस्थ.

चर्चमध्ये अशी घंटा उंच मनोऱ्यात असते, दोर ओढून वाजवायची, गावाला प्रार्थनेची वेळ कळावी म्हणून. देवळात आपण स्वतः जाऊन ठोका देतो, तोही देवाला कळावा म्हणून. नारोशंकराची घंटा या दोन्हींच्या मधे अडकली आहे: देवळाची, पण भाविकाच्या हाताला न येणारी. म्हणून वसईच्या चर्चांचं स्थापत्य नुसतं वसईत बघून पुरं होत नाही, असं माझं मत.

शिरपूर-धुळ्याचा माणूस नाशिकला गेला की रामकुंडावर जातोच. नारोशंकराचं देऊळ तिथून हाकेवर आहे. पुढच्या खेपेला पाच मिनिटं काढा आणि दारावरची ती घंटा बघून या.